राक्षसभुवन : दप्तराची साक्ष आणि स्मरणाची साक्ष

१. प्रस्ताव

एखाद्या राज्यकर्त्याच्या कारकीर्दीचें ज्ञान पुढील पिढ्यांस दोन वाटांनीं होतें. एक वाट दप्तराची. म्हणजे त्या त्या दिवशीं कामकाजासाठीं लिहिलेल्या पत्रांची, यादींची, हिशेबांची व रोजकीर्दींची. दुसरी वाट स्मरणाची. म्हणजे काम उरकून गेल्यावर माणसांच्या मनांत जें राहिलें व तोंडोतोंडीं पुढें आलें त्याची. पहिल्या वाटेनें आलेली साक्ष खरी आणि दुसऱ्या वाटेनें आलेली खोटी, असा सरसकट निवाडा देण्याची संवय इतिहासाच्या अभ्यासकांत आढळते. उलट बाजूस, बखरकारांचा किंवा वडीलधाऱ्यांचा शब्द तेवढा जिवंत आणि दप्तर म्हणजे रद्दी, असें मानणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही मतें एकांगी आहेत असें आम्हांस वाटतें. हें म्हणणें नुसत्या तत्त्वानें पटावयाचें नाहीं, म्हणून त्यासाठीं आम्ही एक ठळक उदाहरण घेतलें आहे. तें म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींतील राक्षसभुवनची लढाई.

हें उदाहरण घेण्यास दोन कारणें आहेत. माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें २० जुलै १७६१ रोजीं मिळालीं आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें त्यांचा अंत झाला. या सव्वाअकरा वर्षांच्या कारकीर्दीला जें वळण लागलें तें राक्षसभुवनास लागलें. दुसरें कारण स्थळाचें. राक्षसभुवन हें गांव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहे. तेथील शनीच्या देवस्थानामुळें तें भाविकांस ठाऊक आहे. त्या रणभूमीविषयींचे पेशव्यांकडील कागद पुण्यास राहिले, निजामाकडील हैदराबादेस राहिले, आणि ज्या जिल्ह्यांत लढाई झाली त्या जिल्ह्यांतील कागदांची पद्धतशीर गणती करण्याचें काम अद्याप संशोधकांची वाट पाहत आहे. या तिसऱ्या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधणें हाच या लेखाचा मुख्य हेतु आहे.

२. हकीकत

प्रथम लढाईची हकीकत थोडक्यांत सांगतों. पानिपतच्या संहारानंतर, २३ जून १७६१ रोजीं, नानासाहेब पेशवे वारले आणि त्यांचे चिरंजीव माधवराव गादीवर आले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. चुलते रघुनाथराव यांशीं त्यांचा बेबनाव होऊन १२ नोव्हेंबर १७६२ रोजीं आळेगांव येथें माधवराव आपण होऊन चुलत्यांच्या स्वाधीन झाले. तेथून पुढें कांहीं महिने सर्व कारभार रघुनाथरावांच्या हातीं राहिला. त्यांनीं जुन्या माणसांस दूर करून नवीं माणसें पुढें आणलीं. गोपाळराव पटवर्धन यांची मिरज काढून घेतली गेली. भवानराव प्रतिनिधि पदच्युत झाले. दुखावलेले सरदार निजामअलीकडे वळले. नागपूरकर जानोजी भोसलेही त्याच पक्षास मिळाले.

निजामअलीनें जुलै १७६२ मध्यें आपला भाऊ सलाबतजंग यास कैद करून सत्ता हातीं घेतली होती. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर हा ब्राह्मण मुत्सद्दी होता. पुण्याच्या घरांत फूट पडली आहे, मराठे सरदार नाराज आहेत, तेव्हां भीमेच्या पूर्वेकडील मुलूख परत घेण्याची संधि हीच, असा त्याचा डाव. मे १७६३ मध्यें निजामाच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. पेशव्यांनीं समोर उभें न राहतां निजामाच्याच मुलखांत शिरून हैदराबादेकडे खंडण्या वसूल केल्या. दरम्यान आंतून पत्रव्यवहार चालू होता. जानोजीस बत्तीस लक्षांच्या मुलखाचें आश्वासन देऊन त्यास निजामापासून फोडण्यांत आलें. पावसाळ्याच्या तोंडीं निजामअली औरंगाबादेकडे वळला. गोदावरी ओलांडून तो स्वतः उत्तर तीरीं गेला आणि विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरीं राहिला. नदीस पूर होता. मराठ्यांच्या फौजा दौडत येऊन १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनास त्यावर पडल्या. लढाईंत रघुनाथरावांचा हत्ती शत्रूच्या गराड्यांत सांपडला. माधवरावांनीं ताज्या फौजेनिशीं चाल करून प्रसंग सांवरला. विठ्ठल सुंदर ठार झाला. पलीकडच्या तीरावरून निजामास आपल्या दिवाणाची मदत करतां आली नाहीं. सप्टेंबरांत औरंगाबादेस तह झाला. यापुढें कारभाराचीं सूत्रें माधवरावांच्या हातीं हळूहळू आलीं आणि चुलत्यांचा वरचष्मा संपत गेला.

३. एक दिवस, चार कालगणना

जुने कागद जमविणाऱ्यांस पहिली अडचण तिथीची येते, म्हणून येथें थोडें थांबणें अवश्य आहे. ज्या दिवसास आज आपण १० ऑगस्ट १७६३ म्हणतों, त्या दिवशीं बुधवार होता. शके १६८५, सुभानु संवत्सर, श्रावण शुद्ध प्रतिपदा. पेशव्यांच्या कारकुनाच्या लेखीं तें सुहूर सन अर्बा सितैन मया व अलफ, म्हणजे ११६४, हें वर्ष. हिजरी गणनेप्रमाणें ११७७ च्या मोहरम महिन्याची अखेर. मराठी पत्रांत महिन्याचा दिवस पुष्कळदां मुसलमानी चंद्राप्रमाणें ‘छ’ या अक्षरानें देत, आणि त्याच पत्राच्या पाठीवर पोंचल्याचा दिवस निराळा नोंदवीत. लिहिल्याचा दिवस आणि पोंचल्याचा दिवस यांतील अंतर ध्यानांत न घेतल्यास बातमी कोणास केव्हां कळली याचा सर्व हिशेब चुकतो.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण दप्तराच्या साक्षीचें बळ हिच्यांतच आहे. छावणींतून लिहिणाऱ्या कारकुनास पुढें काय होणार हें ठाऊक नसतें. आज दाणा मिळाला नाहीं, उद्यां कूच आहे, अमका सरदार अद्याप येऊन पोंचला नाहीं, इतकेंच तो लिहितो. निकालाचें ज्ञान नसल्यामुळें निकालाला शोभेल अशी मांडणी करण्याचा मोह त्यास होत नाहीं. उलट, स्मरणानें सांगणाऱ्यास शेवट आधींच ठाऊक असतो, आणि शेवटाकडे नेणाऱ्या गोष्टी तेवढ्याच तो मागाहून निवडतो.

४. दप्तर कोठें आहे व तें काय बोलतें

माधवरावांच्या कारकीर्दीचें मुख्य दप्तर पुण्याचें पेशवे दप्तर होय. कापडाच्या रुमालांत बांधलेले हजारों गठ्ठे इंग्रजी अमलांत सरकारी ताब्यांत गेले. मुंबई सरकारनें गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भागांत छापून काढले. त्यापूर्वीं गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या रोजकीर्दींतून उतारे निवडून ठेविले होते. ते पुढें अनेक खंडांत प्रसिद्ध झाले. परंतु राक्षसभुवनच्या दृष्टीनें तितकेंच मोलाचें दप्तर मिरजेच्या पटवर्धनांचें. वासुदेव वामन खरे हे मिरजेस शाळेंत शिक्षक होते. संस्थानी सरदारांच्या घरच्या या पत्रांतून त्यांनीं १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेख संग्रह’ काढला आणि १९२४ मध्यें मृत्यु येईपर्यंत तें काम चालविलें. गोपाळराव पटवर्धन त्या वर्षीं कांहीं काळ निजामाच्या पक्षास होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या घरच्या कागदांचें महत्त्व कळतें. फुटलेल्या सरदाराचें मन पेशव्यांच्या रोजकीर्दींत सांपडत नाहीं. तें त्याच्या घरच्या पत्रांत शोधावें लागतें.

निजामाच्या बाजूचे कागद फारशींत. हैदराबादेच्या दफ्तर-इ-दिवाणींतून ते आजच्या तेलंगणाच्या अभिलेखागारांत आले, व मोगलांच्या दक्षिण सुभ्याचेही असंख्य कागद तेथेंच आहेत. मराठी व फारशी दोन्ही बाजू समोर ठेवून लिहिण्याचा प्रयत्न त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनीं ‘निजाम-पेशवे संबंध’ या ग्रंथांत केला, आणि सेतुमाधवराव पगडी यांनीं फारशी साधनें मराठींत आणून आपणांवर उपकार केले. तरीही मोडी आणि फारशी या दोहोंचें वाचन एकाच माणसास येणें दुर्मिळ. त्यामुळें एकाच लढाईच्या दोन बाजू दोन निराळ्या अभ्यासकांच्या हातीं राहतात.

दप्तराच्या साक्षीस मर्यादाही आहे. दप्तर जळतें. १७६३ च्या याच स्वारींत निजामाच्या फौजेनें पुण्यानंतर सिंहगडाच्या आसपास जाळपोळ केली व तींत मराठ्यांच्या इतिहासाचे पुष्कळ कागद नष्ट झाले, असें ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासांत नोंदवितो. म्हणजे ज्या मोहिमेचा शेवट बीड प्रांतांत झाला, तिच्याच आरंभीं आधींच्या कारकीर्दींचा पुरावा आगींत गेला. शिवाय दप्तर जें लिहावयाचें तेंच लिहितें. जानोजीशीं झालेलें गुप्त बोलणें, रघुनाथरावांच्या मनांतील भीति, अठरा वर्षांच्या पुतण्याविषयीं फौजेंत निर्माण झालेली श्रद्धा, हीं रोजकीर्दीच्या रकान्यांत बसत नाहींत.

५. बखर, तक्रीर आणि साडेतीन शहाणे

स्मरणाची साक्ष आपल्याकडे मुख्यतः बखरींच्या रूपानें आली. कृष्णाजी विनायक सोहनी यांची ‘पेशव्यांची बखर’ काशिनाथ नारायण साने यांनीं संपादून प्रसिद्ध केली. ती पेशवाई बुडाल्यानंतरची आहे, म्हणजे राक्षसभुवनानंतर निदान पंचावन्न वर्षांनीं लिहिलेली. मध्यंतरीं नारायणरावांचा खून झाला, बारभाईचें कारस्थान झालें, रघुनाथराव इंग्रजांस जाऊन मिळाले. या सगळ्या गोष्टी ठाऊक असलेला बखरकार १७६३ च्या रघुनाथरावांकडे १७७३ च्या नजरेनें पाहतो, यांत नवल नाहीं. चुलत्याचा जीव पुतण्यानें वांचविला, आणि त्याच चुलत्याचें नांव पुढें धाकट्या पुतण्याच्या खुनाशीं जोडलें गेलें, हा विरोध इतका हृदयभेदक आहे कीं सांगणाऱ्याच्या तोंडीं पहिली गोष्ट दुसरीच्या छायेनें रंगल्यावांचून राहत नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली, ती या कारणानें यथार्थ होती.

परंतु बखरीवर टीका झाली म्हणून स्मरणाची साक्षच टाकाऊ ठरत नाहीं. ती कशी तपासावी, हा खरा प्रश्न आहे. एका लोकप्रसिद्ध म्हणण्यावरून हें दाखवितों. अठराव्या शतकांतील ‘साडेतीन शहाण्यां’चीं नांवें महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहेत. सखा म्हणजे सखारामबापू बोकील, देवा म्हणजे नागपूरकरांचे कारभारी देवाजीपंत चोरघडे, विठा म्हणजे निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, आणि अर्धे शहाणे नाना फडणीस. नाना मुत्सद्दी खरे, पण तरवार गाजविणारे नव्हेत, म्हणून अर्धे, असा त्याचा अर्थ लावतात.

दप्तराच्या कसोटीस हें म्हणणें लावून पाहूं. नाना फडणीस १७४२ मध्यें जन्मले. राक्षसभुवनच्या वेळीं ते एकवीस वर्षांचे होते, आणि राज्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं तीं नारायणरावांच्या खुनानंतर, म्हणजे १७७३ च्या पुढें. विठ्ठल सुंदर १७६३ मध्येंच मारला गेला. तेव्हां हे चौघे एका वेळचे शहाणे म्हणून कधींही गणले गेले नसावेत. म्हणण्याचें आजचें रूप नानांच्या उत्कर्षानंतरचें आहे, हें उघड आहे. कालगणनेच्या बाबतींत ही साक्ष कच्ची.

आतां नानांस क्षणभर बाजूस ठेवून उरलेल्या तिघांकडे पहावें. सखारामबापू पेशव्यांच्या छावणींत, देवाजीपंत जानोजी भोसल्यांच्या बाजूस, विठ्ठल सुंदर निजामाच्या दरबारीं. विठ्ठल सुंदराची दिवाणगिरी जेमतेम वर्षभराची. हे तिघे तीन दरबारांचे मुत्सद्दी म्हणून एकाच डावांत समोरासमोर आले, तो प्रसंग १७६३ चाच. पुण्याचा पक्ष, नागपूरचा पक्ष आणि हैदराबादचा पक्ष यांच्या कारस्थानाची जी त्रिकोणी रचना आज आपण शेंकडों पत्रें चाळून सिद्ध करतों, ती लोकस्मृतीनें तीन नांवांत बांधून ठेविली आहे. आमचें अनुमान असें, कीं या म्हणण्याचें मूळ राक्षसभुवनच्या मोहिमेंत आहे आणि चौथें नांव मागाहून जोडलें गेलें. अनुमान म्हणूनच तें आम्ही मांडतों. एखाद्या जुन्या बाडांत तीनच नांवांचा पाठ सांपडल्यास त्यास बळकटी येईल, आणि चौघांचा पाठ १७६३ च्या लगतचा निघाल्यास तें सोडावें लागेल.

आणखीही एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. विजयी पक्षाच्या प्रदेशांत रूढ झालेल्या या म्हणण्यानें रणांत पडलेल्या शत्रुपक्षाच्या दिवाणास पूर्ण शहाणा ठरविलें आणि आपल्या नानांस अर्धा. दप्तर आपल्या धन्याच्या बाजूनें लिहिलेलें असतें. येथें स्मरण दप्तरापेक्षां निःपक्षपाती ठरलें. त्याचबरोबर या तीन नांवांमुळें दुसरें एक सत्य टिकलें. या लढाईंत निजामाचा सेनापति ब्राह्मण होता, आणि मोहिमेच्या आरंभीं कित्येक मराठे सरदार निजामाच्या बाजूस होते. अलीकडे अशा लढायांस धर्माधर्माच्या झगड्याचें साधें रूप देण्याची प्रवृत्ति दिसते. तीस पत्रेंही आधार देत नाहींत आणि जुनी लोकस्मृतिही देत नाहीं.

तोंडी साक्ष लिहून घेण्याची रीत आपल्या पूर्वजांस अपरिचित होती, असेंही कोणीं समजूं नये. वतनाच्या तंट्यांत वादी-प्रतिवादींच्या तक्रीरी लिहून घेत, घराण्याचे करीने मागवीत, गांवच्या वृद्धांस व बलुत्यांस बोलावून त्यांच्या साक्षीवर महजर करीत. कृष्णा-गोदेच्या पाण्यांत उभें करून सत्य बोलविण्याची चाल होती. कोणीं सांगितलें, तो कोण, कोणासमक्ष सांगितलें, हें सर्व त्या कागदावर असे. बखरकारानें जी दक्षता घेतली नाहीं ती गोतसभेनें घेतली होती.

६. अमेरिकेंतील वहिवाट

हाच प्रश्न दुसऱ्या एका देशानें कसा सोडविला, हें पाहणें उद्बोधक आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षाचें दप्तर हें दीर्घ काळपर्यंत त्याची खासगी मालमत्ता समजली जात असे. वॉशिंग्टनपासून अध्यक्ष निवृत्त होतांना आपले कागद घरीं नेत. आपल्याकडे फडणिसाचे कागद फडणिसाच्या वाड्यांत आणि सरदाराचे सरदाराच्या वाड्यांत राहत, त्यासारखीच ही तऱ्हा. परिणामही तसेच झाले. चेस्टर आर्थर या अध्यक्षानें १८८६ मध्यें मृत्यूपूर्वीं आपले बहुतेक कागद जाळवून टाकले. फ्रँकलिन रूझवेल्ट यानें ही वहिवाट मोडली. त्यानें आपले कागद राष्ट्रास दिले आणि हाइड पार्क येथें त्यांचें ग्रंथालय ३० जून १९४१ रोजीं उघडलें. १९५५ मध्यें अशा ग्रंथालयांचा कायदा झाला. रिचर्ड निक्सन यास ऑगस्ट १९७४ मध्यें पद सोडावें लागलें आणि त्याच्या कागदांवर मालकी कोणाची हा वाद माजला. त्यानंतर १९७८ च्या कायद्यानें अध्यक्षाचे शासकीय कागद राष्ट्राचे ठरले. तो २० जानेवारी १९८१ पासून पुढील कारकीर्दींस लागू झाला.

परंतु कागद सांभाळल्यानें काम पुरें होत नाहीं, हेंही त्यांनीं ओळखलें. अॅलन नेव्हिन्स या इतिहासकारानें १९४८ मध्यें कोलंबिया विद्यापीठांत माहितगारांच्या मुलाखती पद्धतशीर घेण्याचें काम सुरू केलें. टेलिफोनमुळें पत्रें लिहिण्याची चाल कमी झाली, तेव्हां महत्त्वाच्या गोष्टी कागदावर येतच नाहींत, ही त्यामागची चिंता होती. जॉन केनेडी १९६३ मध्यें मारला गेल्यावर दुसऱ्याच वर्षीं त्याच्या सहकाऱ्यांच्या, मित्रांच्या आणि पत्नीच्या मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या. पत्नीची मुलाखत १९६४ मधील. ती लोकांसमोर आली २०११ मध्यें. पुढें व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरनें कार्टरच्या कारकीर्दीपासून प्रत्येक अध्यक्षाच्या माणसांच्या मुलाखतींचा क्रमच लावला.

या वहिवाटींतून घेण्यासारखें तत्त्व साधें आहे. मुलाखत कोणीं घेतली, कोणत्या दिवशीं, सांगणारा त्या प्रसंगीं कोठें होता, तो स्वतः पाहिलेलें सांगतो कीं ऐकलेलें, आणि तें किती वर्षांनीं प्रसिद्ध करावयाचें, हें मुलाखतीबरोबरच नोंदविलें जातें. सांगणाऱ्याचें म्हणणें कागदाशीं ताडून पाहण्याचें काम वाचकावर सोंपवितात. यंत्रावरही आंधळा विश्वास नाहीं. निक्सनच्या कचेरींतील २० जून १९७२ च्या ध्वनिफितींत साडेअठरा मिनिटें नुसता घरघराट आहे. यंत्रही हवें तेव्हां गप्प केलें जातें, हें त्या साडेअठरा मिनिटांनीं जगास शिकविलें. दप्तर आणि स्मरण यांपैकीं एकासच मानण्यांतला धोका याहून स्पष्ट दिसणार नाहीं.

७. बीड जिल्ह्याचें ऋण

आतां मूळ स्थळीं परत येतों. बीड हा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. त्यामुळें जिल्ह्याचे जुने सरकारी कागद हैदराबादेकडे, चौथ-सरदेशमुखीचे हिशेब पुण्याकडे, आणि गांवपातळीचे कागद घरोघर, अशी त्रिस्थळी यात्रा झाली आहे. पुण्याभोंवतींच्या प्रदेशांत साने, खरे, राजवाडे, पारसनीस यांच्यासारख्यांनीं घरोघर हिंडून जें काम केलें, त्याच्या मानानें या जिल्ह्यांत फारच थोडें झालें. काझी मुहंमद कुतबुल्ला यांच्या उर्दू ‘तारीख-ए-बीड’ सारखा स्थानिक ग्रंथ मराठी वाचकांच्या दृष्टीपलीकडेच राहिला, आणि १९६९ च्या जिल्हा गॅझेटियरवरच बहुतेकांची मदार राहिली.

या भूमींत जतन करण्याची बुद्धि नाहीं असें मुळींच नाहीं. अंबाजोगाई येथें दासोपंतांची पासोडी आहे. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद कापडावर त्या सोळाव्या-सतराव्या शतकांतील सत्पुरुषानें लिहिलेला मजकूर चार शतकें टिकला, तो श्रद्धेमुळें टिकला. तें पूजेचें वस्त्र होतें. महजर, सनद, कौलनामा, इनामपत्र यांची पूजा कोणी करीत नाहीं. ते टिकले ते हक्काचा पुरावा म्हणून. १९४९ मध्यें हैदराबाद संस्थानांतील जहागिरी संपल्या, पुढें वतनेंही गेलीं, आणि ज्या दिवशीं हक्क संपला त्या दिवशीं कागदाची गरजही संपली. मोडी वाचणारी पिढी मावळली. नातवाच्या हातीं रुमाल येतो तेव्हां तो त्यास वाचतां येत नाहीं. मराठी, फारशी कीं दुसरें कांहीं हेंही कळत नाहीं. माजलगांवासारख्या धरणांमुळें गांवें उठलीं, तेव्हां बैलगाडींत आधीं दाणे चढले. दप्तराचा क्रम शेवटचा. वाळवी, ओल आणि रद्दीचा तराजू यांनीं बाकीचें काम केलें.

स्मरणाची गत याहून वेगळी नाहीं. सांगणारा मेला कीं दप्तर जळल्यासारखेंच होतें, फरक इतकाच कीं धूर दिसत नाहीं.

म्हणून कागद जमविणाऱ्या सद्गृहस्थांस आमच्या कांहीं सूचना आहेत. रुमाल सांपडल्यास तो सोडून चांगले कागद निवडून घेऊं नयेत. गठ्ठ्यांतील क्रम हाच अर्धा पुरावा असतो. कोणत्या गांवीं, कोणत्या प्रकारच्या घरीं, कोणत्या दिवशीं मिळाला, हें प्रथम टिपावें. पेशव्यांचें नांव असलेलें पत्र तेवढें मोलाचें आणि कुळकर्ण्याचा ताळेबंद टाकाऊ, असा भेद करूं नये. श्रावणांतल्या त्या लढाईंत नदीकांठच्या पिकांचें काय झालें, फौजेनें वैरण किती नेली, त्या सालीं वसुलांत सूट मिळाली काय, याचें उत्तर पेशव्यांच्या पत्रांत मिळणार नाहीं. मिळालें तर ताळेबंदांतच मिळेल. काझी, देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, पुजारी, मुजावर या सर्वांच्या घरचे कागद सारखेच पाहावेत. मालकास कागद सोडवत नसल्यास छायाचित्र घेऊन मूळ त्याच्याकडेच ठेवावा; हिरावून नेलेल्या एका कागदामुळें पुढचीं दहा घरें बंद होतात.

तोंडी हकीकत घेतांना गोतसभेचा नियम पाळावा. सांगणाऱ्याची संमति घ्यावी, त्याचें वय, त्यानें ती कोणापासून ऐकली, तो सांगणारा कोणापासून, इतकी परंपरा लिहावी. आपल्याला पुस्तकांतून ठाऊक असलेलें उत्तर त्याच्या तोंडीं घालूं नये. राक्षसभुवन आणि १७९५ ची खर्ड्याची लढाई या दोन्ही पेशवे-निजामांच्या, आणि खर्डें या जिल्ह्याच्या सीमेलगतचें. तेव्हां एकीच्या गोष्टी दुसरीस चिकटण्याचा संभव आहे. तशा त्या चिकटलेल्या आढळल्या तरी सोडवूं नयेत, जशा ऐकल्या तशाच उतरवाव्यात. सोडविण्याचें काम दप्तराशीं ताडतांना होईल, आणि कशा चिकटल्या हें स्वतःच इतिहासाचें एक साधन ठरेल.

माधवरावांच्या कारकीर्दीविषयीं पुण्यानें, मिरजेनें, हैदराबादेनें आणि नागपूरनें आपापली साक्ष दिली आहे. ज्या गोदातीरावर त्या कारकीर्दीचा निकाल लागला, तेथील साक्षीदार अजून पुकारला गेला नाहीं. त्याच्या रुमालाची गांठ अद्याप सुटावयाची आहे. गेवराई, माजलगांव, अंबाजोगाई, बीड या तालुक्यांतील ज्या वाचकांच्या घरीं, किंवा शेजारीं, असा एखादा रुमाल पडला असेल, त्यांनीं त्याची निदान एक यादी करून या त्रैमासिकाकडे पाठवावी. यादी अपुरी असली तरी चालेल. पाठविण्यास उशीर मात्र होऊं नये.